पार्श्वभूमी : 'द सीक्रेट गार्डन'ची हिंदुस्थानातली सुरुवात

बागेत घडणाऱ्या इंग्रजी बालकथांमध्ये 'द सीक्रेट गार्डन' आज पहिल्या ओळीत आहे. १९११ साली पुस्तक निघालं तेव्हा तसं नव्हतं. आधी ही कथा एका अमेरिकी मासिकात, मोठ्या वाचकांसाठी, क्रमशः आली होती. १९२४ साली लेखिका फ्रान्सेस हॉजसन बर्नेट वारली तेव्हा मृत्युलेखांमध्ये या बागेचा उल्लेख अभावानेच झाला. तिची कीर्ती तेव्हा दुसऱ्या पुस्तकांवर उभी होती. बाग तिला इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या रॉल्व्हेंडन गावी भेटली. तिथली हवेली १८९८ ते १९०७ या काळात तिच्याकडे भाड्याने होती. भिंतींच्या आतला जुना बगीचा तिने गुलाबांनी भरला. कथेत मात्र तो यॉर्कशरच्या माळरानावर नेला.

पुस्तकाची चलती खरी वाढली ती बरीच नंतर. १९४९ च्या कृष्णधवल चित्रपटात बागेचे प्रसंग तेवढे रंगीत होते. १९८७ मध्ये अमेरिकेतला स्वामित्वहक्क संपला आणि पुढच्या काही वर्षांत रूपांतरांची रीघ लागली. त्यांतल्या एका बदलावर मराठी वाचकाने थांबायला हवं. मूळ कथेत नायिका मेरी या लहान मुलीचे आईवडील हिंदुस्थानात पटकीने (कॉलऱ्याने) जातात आणि तिला यॉर्कशरला एका नातेवाइकाच्या हवेलीत पाठवलं जातं. १९९३ च्या चित्रपटात ते भूकंपात दगावतात.

हा फरक किरकोळ नाही. भूकंप पडद्यावर चटकन उभा राहतो, लहान मुलांना रोगाचे तपशील दाखवावे लागत नाहीत, हे मान्य. पण भूकंप कोणाच्या निर्णयाने येत नाही. पुस्तकात मेरीच्या आईने दोन आठवड्यांपूर्वीच थंड हवेच्या ठिकाणी निघून जायला हवं होतं. एका मेजवानीसाठी ती मागे राहिली. शिवाय पहिला बळी साहेबाच्या बंगल्यातला नाही. आधी नोकरांच्या झोपड्यांमध्ये मेरीची आया मरते, दिवस पालटायच्या आत आणखी तीन नोकर जातात, उरलेल्यांतले काही भीतीने पळ काढतात. मरीआईची देवळं ज्यांच्या वेशीवर आहेत त्यांना हा क्रम समजावून सांगावा लागत नाही. १८१८ सालीच मुंबईत पोचलेली पटकी बंगला आणि झोपडी यांत भेद करत नव्हती. तिच्यापासून दूर निघून जाण्याची सोय मात्र मोजक्यांनाच होती. पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातलं हे सत्य भूकंप पुसून टाकतो.

पुस्तकाचा हिंदुस्थान निर्दोष आहे असं नाही. इथल्या हवेत गोरं मूल पिवळं पडतं, आळसावतं, आणि माळरानाच्या वाऱ्यात बरं होतं, ही त्या काळच्या गोऱ्या वसाहतीची समजूत कथेने जशीच्या तशी घेतली आहे. मेरी नेटिव्हांना माणसंच मानत नाही, आयाला डुकरीण म्हणते. ही वाक्यं आज मुलांना वाचून दाखवताना थांबून बोलावं लागतं, आणि बोलावंच.

तरीही त्याच पुस्तकात रात्री आक्रस्ताळेपणा करणाऱ्या कॉलिनला, म्हणजे त्या हवेलीतल्या तिच्या आजारी आतेभावाला, झोपवायची वेळ येते तेव्हा मेरीकडे एकच विद्या असते. ती त्याचा हात थोपटते आणि हिंदुस्थानी भाषेतलं गाणं हळू आवाजात म्हणते, आया तिच्यासाठी म्हणायची तसं. कॉलिनच्या हुकमांना ती राजाच्या थाटाची उपमा देते. बागेत मुलं जादूचं अनुष्ठान मांडतात तेव्हा फकिरांची आठवण निघते. यॉर्कशरच्या वाऱ्याला सगळं श्रेय देणाऱ्या कथेत त्या आयाचा वाटा एवढा मोठा आहे, आणि पुस्तक तिला जवळजवळ सगळीकडे नुसतं 'आया' म्हणतं, तिचं नाव ओझरतंच येतं. माझ्या मते कथेचा सगळ्यात मोठा अन्याय हाच.

१९९१ च्या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकाने पटकी तशीच ठेवली आणि हिंदुस्थानात मेलेल्यांना, आयासकट, मेरीच्या मागोमाग यॉर्कशरला आणलं. रूपांतरांमध्ये मला हा निर्णय सर्वांत प्रामाणिक वाटतो. २०२० च्या चित्रपटाने कथा १९४७ मध्ये, फाळणीच्या धामधुमीत नेली. पटकी परत आली, पण भोवतीच्या हिंसेत तिचं महत्त्व उणावलं. मूळ कथेतलं साहेबांचं घर आपली सत्ता कायमची आहे असं धरून चालतं. १९४७ मध्ये ते तसं धरून चालू शकत नाही, आणि त्यामुळे मेरीचा उद्धटपणाही वेगळ्याच ठिकाणाहून येतो.