सांस्कृतिक अस्मिता : राष्ट्रीय, प्रादेशिक आणि आदिवासी (पुणे जिल्हा)

बहुसांस्कृतिक देशात एकाच माणसाला राष्ट्राची, प्रदेशाची आणि जमातीची अशा तीन ओळखी असू शकतात. जुन्नरच्या डोंगरातला शेतकरी भारतीय असतो, मराठी असतो आणि महादेव कोळीही असतो. पहिल्या दोन ओळखींच्या जडणघडणीत पुणे शहराचा वाटा मोठा आहे. तिसरी ओळख जिल्ह्याच्या पश्चिमेला पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, तरी शहराने तिची दखल फार उशिरा घेतली.

1893 पासून सार्वजनिक गणेशोत्सवाने पुण्यात राष्ट्रभावनेला व्यासपीठ दिले. 1906 मध्ये महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली. 6 फेब्रुवारी 1956 रोजी टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली आणि 1 मे 1960 रोजी मराठी भाषकांचे राज्य अस्तित्वात आले. मात्र राष्ट्र म्हणजे कोण, हा प्रश्न त्याआधीच याच शहरात जोतीराव फुले यांनी विचारला होता. 1891 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांची मांडणी अशी आहे : शूद्रातिशूद्रांसह भिल्ल, कोळी वगैरे सारे शिकून विचार करू लागत नाहीत आणि ‘एकमय लोक’ होत नाहीत, तोवर राष्ट्र होत नाही. डोंगरातल्या माणसांना राष्ट्राच्या व्याख्येतच स्थान देणारा हा विचार आजही तितकाच मोलाचा आहे.

जिल्ह्यातील आदिवासी वस्ती मुख्यतः जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ आणि मुळशी या तालुक्यांत आहे. महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी या येथील प्रमुख जमाती. त्यांपैकी कातकरी केंद्र सरकारच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांच्या यादीत असून त्यांच्यातील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर राबतात. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांचा काही भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासींसाठी खास प्रशासन असलेल्या भागात, मोडतो. डोंगरउतारावर भातखाचरे, वरच्या अंगाला नाचणी-वरई आणि जंगलातून हिरडा अशी महादेव कोळ्यांची उपजीविका आहे. उतारावर खाचरे बांधण्याचे काम अनेक घरे मिळून करतात. त्याला पडकई म्हणतात. आश्विन वद्य द्वादशीला, वाघबारशीला, गुराखी वाघोबाची पूजा करतात. आहुपे परिसरात देवराई राखली गेली आहे. डिंभे धरणाच्या पाण्याखाली मात्र घोड नदीच्या खोऱ्यातील आदिवासींची शेते आणि घरे गेली.

याच डोंगरात मराठीपणाची मानचिन्हेही आहेत. शिवनेरी हे शिवाजी महाराजांचे जन्मस्थान. नाणेघाटातील सातवाहनकालीन ब्राह्मी लेखात ‘महारठि’ हा शब्द येतो आणि मराठीच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून तो अभिमानाने सांगितला जातो. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हाही या लेखाची आठवण निघाली. घाटमाथ्यावर राहणाऱ्या समाजाचे नाव त्या अभिमानात क्वचितच येते, ही उणीव खटकते.

कायद्याच्या दृष्टीने आदिवासी ओळख राज्यघटनेच्या अनुच्छेद 342 खालील अनुसूचित जमातींच्या यादीवर ठरते. 1976 पर्यंत महाराष्ट्रात काही जमातींना ठरावीक तालुक्यांपुरतीच मान्यता होती; त्या वर्षीच्या कायद्याने क्षेत्रबंधन उठले आणि आपण या जमातींचे आहोत अशा दाव्यांची संख्या वाढली. नावांतील साम्याने गुंतागुंत आणखी वाढवली : महादेव कोळी यादीत आहेत, किनाऱ्यावरचे सोनकोळी नाहीत. यादीत भर घालण्याचा अधिकार संसदेलाच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये हलबा-कोष्टी प्रकरणात (कोष्टी हे यादीतील हलबा जमातीचेच, या दाव्याच्या खटल्यात) स्पष्ट केले. जमातीच्या दाखल्यांची पडताळणी करणाऱ्या समित्या अर्जदाराला कुलदैवत, लग्नविधी, चालीरीती विचारत असत. शहरात वाढलेल्या मुलाला हे सारे तोंडपाठ असेलच असे नाही. 2023 मध्ये त्याच न्यायालयाने ही चाचणी एकमेव निर्णायक ठरू शकत नाही असे सांगून घटनापूर्व काळातील कागदपत्रांना अधिक वजन दिले. खोटे दावे हा खऱ्या आदिवासींच्या जागांवरचा घाला आहे. पण ज्याच्या आजोबांनी शाळाच पाहिली नाही, त्याच्याकडे जुना दाखला कुठून येणार?

पुण्यातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून कार्यरत आहे. तिच्या संग्रहालयात वारली चित्रे, बोहाडा या सोंगांच्या उत्सवातले मुखवटे, दागिने आणि शेतीची अवजारे जपली आहेत. त्याच शहरातील वसतिगृहांत राज्यभरातून आलेले आदिवासी विद्यार्थी शिकतात. जेवणाऐवजी खात्यावर पैसे देण्याच्या शासकीय निर्णयाविरुद्ध 2018 मध्ये त्यांनी पुण्याहून नाशिकच्या दिशेने पायी मोर्चा काढला. वसतिगृहातली खानावळ चालू ठेवा, ही त्यांची मागणी होती.