फोन समुद्रात नेण्याआधी

नव्या फोनच्या खोक्यावर ‘आयपी ६८’ असं छापलेलं असलं की फोन पाण्यात न्यायला हरकत नाही, असा सरसकट समज होतो. यातला ६ धुळीसाठी आहे आणि ८ पाण्यासाठी. ८ म्हणजे एक मीटरपेक्षा जास्त खोलीवर फोन बुडालेला राहिला तरी चालेल. पण किती खोल आणि किती वेळ, हे त्या त्या कंपनीने सांगायचं. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेतल्या फोनांना दीड मीटर आणि ३० मिनिटं, आयफोन १२ पासूनच्या बहुतेक आयफोनना ६ मीटर आणि ३० मिनिटं. ही चाचणी साठवलेल्या गोड्या पाण्यात होते. लाटा, खारट पाणी, वाळू यांचा त्यात विचार नाही. फोनच्या कडा चिकटवणारा गोंदही वापराने कमजोर होत जातो, आणि आत पाणी गेलं तर वॉरंटी सहसा लागू होत नाही.

मुंबईच्या किनाऱ्यालगत पाणी इतकं गढूळ असतं की खाली उतरून दिसायचं काय, हाच प्रश्न. त्यामुळे इथले डायव्हिंगवेडे रात्रीची कोकणकन्या पकडतात, सकाळी कुडाळला उतरतात आणि मालवण-तारकर्ली गाठतात. पहिल्यांदाच उतरणाऱ्याला प्रशिक्षकासोबत जास्तीत जास्त १२ मीटर, प्राथमिक कोर्स झालेल्याला १८ मीटर, अशी खोलीची मर्यादा सर्वसाधारणपणे पाळली जाते. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब वाढतो. पंधरा सेंटिमीटर लांब आणि सात सेंटिमीटर रुंद स्क्रीनचा हिशेब केला, तर १० मीटरवर तिच्यावर शंभर किलोंहून जास्त भार येतो. एखादा धिप्पाड माणूस फोनवर उभा राहावा, तसा. जूनमध्ये दादर स्टेशनबाहेर मिळणारे पारदर्शक पाऊच पावसासाठी उत्तम. डायव्हिंगसाठी ते नकोतच. पाऊचमधली हवा १० मीटरवर निम्म्या जागेत दबते आणि प्लास्टिक फोनला घट्ट चिकटतं.

हा भार फोनवर येऊ नये म्हणून हाउसिंग लागतं. हाउसिंग म्हणजे जाड प्लास्टिकची किंवा धातूची पेटी. आत हवेचा दाब जमिनीवरचाच राहतो आणि बाहेरचा भार पेटी पेलते. चांगली हाउसिंग ४० मीटर किंवा त्याहून जास्त खोलीसाठी बनवलेली असतात. त्यांना बटणं का असतात, हेही समजून घेण्यासारखं आहे. आपल्या फोनची स्क्रीन बोटाच्या दाबाने चालत नाही. बोट टेकल्यावर काचेवरच्या विद्युतक्षेत्रात होणारा बदल ती ओळखते. खारं पाणी विजेचं चांगलं वाहक आहे, त्यामुळे स्क्रीनला सगळीकडेच बोट टेकल्यासारखं वाटतं. म्हणून हाउसिंगची बटणं दाबली की पेटीच्या आतूनच, अनेकदा ब्लूटूथने, फोनला आज्ञा जाते. ब्लूटूथचा रिमोट पेटीबाहेर, हातात धरून मात्र चालणार नाही. त्या रेडिओलहरी समुद्राच्या पाण्यात काही सेंटिमीटरमध्येच विरून जातात.

पेटी बंद करणारी ओ-रिंग ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची वस्तू. रबराचं हे बारीक कडं आपल्या खाचेत बसलेलं असतं. बाहेरून दाब आला की ते खाचेच्या भिंतीवर आणखी घट्ट दाबलं जातं, म्हणजे खोल जावं तशी पकड वाढते. त्यामुळे पाणी शिरायचं असेल तर ते बऱ्याचदा उथळ पाण्यातच, दाब कमी असतानाच शिरतं. डोक्याचा एक केस किंवा वाळूचा एक कण त्या कड्याखाली अडकला तरी पुरे. पेटी बंद करण्याआधी ओ-रिंग बाहेर काढा, चांगल्या उजेडात बोटांतून फिरवा, खाच कोरड्या कापडाने पुसा आणि सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. ग्रीस जास्त झालं तर तेच वाळू धरून ठेवतं. काही हाउसिंगसोबत छोटा पंप येतो. त्याने आतली थोडी हवा ओढून घ्यायची आणि आतला दाब तेवढाच राहतो का ते थोडा वेळ पाहायचं. दाब टिकला तर बाहेरची हवा आत येत नाहीये, म्हणजे पाणीही येणार नाही. मला विचाराल तर कॅमेऱ्याच्या गुणवत्तेपेक्षा ही सोय आधी बघावी. नव्या पेटीची पहिली बुडी फोनशिवाय, आत एक टिश्यू पेपर ठेवून द्यावी, हेही आग्रहाने सांगेन.

पाणी आत शिरलं नाही तरी काच आतून धुरकट होऊ शकते. ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता, ही आपल्याकडची नेहमीची हवा. तिच्यातली वाफ साधारण २७ अंशांना दवासारखी जमू लागते. अशी हवा पेटीत कोंडली आणि पेटी २७ अंशांच्या किंवा त्याहून थंड पाण्यात गेली, की दव धरतं ते नेमकं लेन्ससमोरच्या काचेवर. हीच पेटी एसीच्या खोलीत, २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत बंद केली तर आतल्या हवेचा दवबिंदू १३ अंशांच्या आसपास येतो. कोकणातलं समुद्राचं पाणी वरच्या थरात इतकं थंड होत नाही. म्हणून फोन पेटीत घालायचा तो हॉटेलच्या खोलीतच. होडीवर, ओल्या हातांनी नाही. सोबत ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवायची.

आता मुख्य गोष्ट, रंगाची. पाणी स्वतःच लाल प्रकाश शोषतं. पाण्याच्या रेणूंची कंपनं अशी असतात की लाल प्रकाशाची ऊर्जा त्यांत खर्ची पडते, निळ्याची फारच थोडी. अगदी शुद्ध पाण्यातसुद्धा एका मीटरमध्ये लाल प्रकाशाचा सुमारे ३० टक्के भाग जातो. ५ मीटरवर जेमतेम १८ टक्के उरतो, १० मीटरवर ३ टक्के. मालवणच्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती आणि गाळही असतो. तो निळा प्रकाशही खातो, म्हणून तिथले फोटो निळे न येता हिरवट येतात. बाजारात लालबुंद दिसणारी तांबोशी खाली राखाडी-तपकिरी दिसते. आपला मेंदू काही प्रमाणात रंग सावरून घेतो. फोन तसंच करू पाहतो, पण जो लाल प्रकाश लेन्सपर्यंत आलाच नाही, तो वाढवून वाढवून शेवटी फोटोत खरखरीत दाणेदार ठिपकेच मिळतात. लाल फिल्टरही लाल रंग देत नाही. तो निळा-हिरवा कमी करतो, एवढंच.

रंग परत आणायचा तर टॉर्च लागतो, आणि टॉर्चलाही अंतराचा नियम सुटत नाही. मासा अर्ध्या मीटरवर असेल तर प्रकाशाचा जाऊन-येऊन प्रवास एक मीटरचा, लाल रंग ७० टक्के शाबूत. तोच मासा दोन मीटरवर असेल तर प्रवास चार मीटरचा, उरतो पाव. फोनचा स्वतःचा फ्लॅश मात्र बंदच ठेवा. तो लेन्सला खेटून असल्यामुळे पाण्यात तरंगणारा प्रत्येक कण समोरून उजळतो आणि फोटोभर पांढरे ठिपके पडतात. टॉर्च हाताएवढ्या अंतरावर, बाजूने तिरका धरला की लेन्ससमोरचं पाणी बरंचसं अंधारात राहतं आणि मासा तेवढा उजळतो.

जवळ जाताना डोळे फसवतात. पाण्यातून सपाट काचेत शिरताना प्रकाश वाकतो आणि वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपट अंतरावर दिसते. दोन मीटरवरचा मासा दीड मीटरवर वाटतो. आपण पुरेसे जवळ आलोय असं वाटतं, तेव्हा आणखी पुढे जायला जागा असते. त्याच कारणाने लेन्सचं क्षेत्रही आकसतं. फोनची नेहमीची २६ मिलिमीटरची दृष्टी पाण्यात ३५ मिलिमीटरसारखी होते (हा आकडा जितका मोठा, तितकं चित्रात मावणारं दृश्य कमी). झूम तर करूच नये, कारण झूमने मधलं पाणी कमी होत नाही.

२०१९ मध्ये डेर्या अक्कायनाक आणि ताली त्राइबित्झ या संशोधिकांनी ‘सी-थ्रू’ नावाची गणिती पद्धत मांडली. फोटोतल्या प्रत्येक बिंदूचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर कळलं, तर त्या अंतरातल्या पाण्याने रंगाचं काय केलं हे मोजून ते उलट करता येतं, असा तिचा गाभा आहे. एकाच देखाव्याचे वेगवेगळ्या जागांवरून अनेक फोटो घेऊन ते अंतर काढलं जातं. संपादनाच्या ॲपमधलं साधं बटण सगळ्या चित्राला एकच रंग चढवतं. इथे दूरच्या प्रवाळाला वेगळी दुरुस्ती मिळते, जवळच्याला वेगळी.

पहिल्याच बुडीला फोन नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. श्वास रोखायचा नाही, कान मोकळे करायचे, प्रशिक्षकाच्या खुणा पाहायच्या, एवढंच तेव्हा पुरेसं असतं. पाण्यात एका पातळीवर स्थिर तरंगता आलं की मग कॅमेरा. तोवर फोटोच्या नादात पाय तळाला लागतो, गाळ उठतो आणि प्रवाळ मोडतो. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे.

सरावासाठी तारकर्लीपर्यंत जायलाच हवं असंही नाही. ओहोटीला हाजीअलीच्या किंवा गिरगावच्या खडकांत साचलेल्या डबक्यांत समुद्री गोगलगायी, खेकडे, प्रवाळांचे भाऊबंद दिसतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’चे स्वयंसेवक २०१७ पासून लोकांना तिथे फिरायला नेतात आणि दिसलेल्या जीवांची नोंद ठेवतात. हाउसिंगची काच पाण्यात जेमतेम बुडवली की वरची चमक जाते आणि आतलं स्वच्छ दिसतं. दिसलेला जीव न उचलता दोन-तीन बाजूंनी टिपायचा आणि तारीख, ठिकाण यांसह ‘आयनॅचरलिस्ट’ या जीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर टाकायचा. नाव माहीत नसलं तरी चालतं, ते तिथले जाणकार सुचवतात.