स्वरसाधना

स्वरसाधना : गाणे शिकताना कान, श्वास आणि गळा एका षड्जाशी, म्हणजे ‘सा’शी, जुळवून घेण्याचा रोजचा अभ्यास. हिंदुस्थानी संगीताच्या तालमीत राग, बंदिश, तान यांच्या आधी तो येतो. भावगीत, नाट्यगीत किंवा अभंग गाणाऱ्यालाही तो चुकत नाही. बोलण्यात त्याला ‘आवाज लावणे’ किंवा नुसते ‘सा लावणे’ म्हणतात. नवशिक्याचा दोष बहुधा गळ्याच्या माथी मारला जातो. पुष्कळदा मात्र त्याची पट्टी चुकलेली असते, किंवा गाताना तो ऐकत नसतो.

पट्टी : गाणारा ज्या स्वराला ‘सा’ मानतो ती त्याची पट्टी. पेटीच्या (हार्मोनियमच्या) पट्ट्यांवरून तिची नावे पडली आहेत : पांढरी एक म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, काळी दोन म्हणजे दुसरी काळी. पुरुष साधारणपणे पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास गातात, स्त्रिया पांढरी पाच ते काळी पाचच्या आसपास. स्वतःची पट्टी शोधायची तर पेटीवर एकेक पट्टी खाली उतरत ‘आ’ म्हणावे आणि जो सर्वांत खालचा स्वर न घरघरता, स्पष्ट निघतो तो मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला ‘प’) धरावा. तिथून काळ्या-पांढऱ्या दोन्ही मोजत पाच पट्ट्या वर गेले की षड्ज सापडतो. म्हणजे खाली काळी चारपर्यंत आवाज नीट उतरत असेल तर पट्टी काळी एक. मग तार गांधार (वरच्या सप्तकातला ‘ग’) न ओरडता लागतो का ते पाहावे. लागत नसेल तर अर्धा स्वर, म्हणजे लगतची एक पट्टी, खाली यावे. वरचा स्वर कधी तरी लागला म्हणून त्यावर पट्टी ठरवू नये, रोज जो सहज लागतो त्यावर ठरवावी.

शाळेची प्रार्थना आणि भजनी मंडळ यांत सगळ्यांना एकच पट्टी असते. त्यामुळे कुणाला ताणून तर कुणाला दबून गावे लागते. समूहात ते चालते, पण ती पट्टी घरच्या रियाजाला घेऊ नये. कराओकेचेही तेच. मूळ गायकाच्या पट्टीत गाण्याचा हट्ट धरण्यापेक्षा ट्रॅक दोन-तीन अर्धस्वर खाली उतरवून घ्यावा.

तंबोरा : रियाज तंबोऱ्यावर करावा, पेटीवर नव्हे, असा जुन्या गवयांचा आग्रह असे. त्याला कारण आहे. तंबोऱ्याला चार तारा असतात : पहिली मंद्र पंचमाची, मधली जोड मध्य षड्जाची, चौथी पितळेची तार खर्जाची (खालच्या ‘सा’ची). पंचम वर्ज्य असलेल्या रागात पहिली तार मध्यमाला (‘म’ला) मिळवतात. मालकंस हे त्याचे नेहमीचे उदाहरण. मिळवताना आधी जोड खुंट्यांनी लावून घ्यावी, मग खर्ज, मग पंचम. बारीक फरक तारेत ओवलेल्या मण्यांनी काढायचा. घोडीवर (तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर) तारेखाली सुताचा धागा योग्य जागी सरकला की जवारी, म्हणजे तारेचा झंकार, उघडते आणि तार नुसती वाजण्याऐवजी भरून बोलू लागते. पहिली तार मधल्या बोटाने आणि उरलेल्या तिन्ही तर्जनीने, एकसारख्या संथ गतीने छेडतात.

जवारी चांगली लागली असेल तर खर्जाच्या तारेतून दोन सप्तके वरचा गांधार आपोआप ऐकू येतो. हा नैसर्गिक गांधार पेटीच्या गांधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर तो सुमारे 14 भागांनी खाली येतो. काळी एकचा षड्ज सुमारे 138.6 हर्ट्झ, त्याचा नैसर्गिक गांधार 173.2, आणि पेटीचा 174.6. फरक दीड हर्ट्झहूनही कमी आहे, पण कान त्यावरच तयार होतो. सतत पेटीचा आधार घेणाऱ्याला भूप किंवा यमन या रागांचा गांधार चढा लावण्याची सवय लागते. मग तंबोऱ्यावर तो टोचतो.

मिरजेत तंबोरे बनतात. त्यांचे भोपळे पंढरपूर भागातून येतात. ज्याला तंबोरा परवडत नाही त्याने इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा मोबाइलवरचे ॲप वापरायला हरकत नाही. मात्र मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज जवळजवळ येतच नाही. मोठा स्पीकर जोडावा किंवा एका कानात इअरफोन घालून दुसरा कान स्वतःच्या आवाजासाठी मोकळा ठेवावा. तंबोऱ्याचा आवाज गळ्यापेक्षा थोडा मोठा असू द्यावा, नाहीतर त्याच्याशी जुळवून घेणे होत नाही.

सा लावणे : मांडी घालून, पाठ ताठ, हनुवटी समोर. श्वास आवाज न करता घ्यावा. पोट आणि खालच्या बरगड्या फुलाव्यात, खांदे उचलू नयेत. मग दोन बोटे आडवी मावतील एवढे तोंड उघडून मध्यम आवाजात ‘सा’ धरावा. सुरुवातीला 8 ते 10 सेकंद पुरेत. काही महिन्यांत 20 पर्यंत जाता येते. दमसास वाढवण्यापेक्षा स्वर एका रेषेत राहणे महत्त्वाचे. थोडा श्वास उरलेला असतानाच थांबावे.

इथे तीन दोष नेहमी दिसतात. स्वर खालून ओढून घेणे, कारण स्वर मनात ऐकण्याआधीच तोंड उघडलेले असते. दोन आवर्तने तंबोरा नुसता ऐकून मग लावला की हे कमी होते. शेवटी स्वर उतरणे, कारण श्वास संपत आलेला असतो. आणि जोर लावला की स्वर चढणे. आवाज नाकात जातो का ते पाहायला गाताना चिमटीत नाक धरावे. ‘आ’चा आवाज बदलला तर हवा नाकातून जात होती. ‘आ’चा हळूहळू ‘अं’ होणे हे त्याचेच लक्षण.

खर्ज : खालच्या सप्तकाचा हा अभ्यास. सकाळी षड्जावरून नि, ध, प असे उतरत प्रत्येक स्वर धरायचा. झोपेनंतर आवाज किंचित जड असतो, त्यामुळे खाली उतरणे सोपे जाते. मंद्र सप्तकात आवाज दाबून ‘भारदस्त’ करणे ही मोठी चूक. त्याने घरघर वाढते, गोलाई येत नाही. जिथे स्वर फाटतो तिथून एक स्वर वर येऊन थांबावे.

पलटे : सारेग, रेगम, गमप असे ठरावीक क्रमाने सरकणारे स्वरांचे तुकडे म्हणजे पलटे. ते आधी सरगमने, मग आकाराने (नुसत्या ‘आ’वर) म्हणतात. मात्रा (लय मोजण्याचा ठोका) सेकंदाला एक धरावी. पहिल्यांदा मात्रेला एक सूर, तो स्थिर झाला की दोन, मग चार. एक पलटा आठवडाभर घोटलेला बरा. दहा पलटे वरवर म्हणून हाती काही लागत नाही. आरोह बहुतेकांना जमतो, घसरण अवरोहात होते. तार षड्जावरून उतरताना निषाद (‘नि’) सैल पडतो आणि खाली येईपर्यंत सगळेच कणसूर (किंचित बेसूर) होऊन जाते. म्हणून पलटा संपल्यावर न थांबता ‘सा’ धरून तो तंबोऱ्यात मिसळतो का ते तपासावे. यमनमध्ये तीव्र मध्यम (चढा ‘म’) पंचमाकडे ओढला जातो. त्यावर ग-म-ग इतकाच तुकडा वेगळा घोटावा. लय वाढवताना आकाराचे ‘हा हा हा’ झाले किंवा जबडा हलू लागला, तर लय लगेच अर्धी करावी. ‘जबड्याची तान’ एकदा अंगवळणी पडली की सुटायला फार वेळ लागतो.

पहिला राग बहुधा भूप : सा रे ग प ध, पाचही शुद्ध. तो दिसतो सोपा, पण ग-प ही उडी आणि धैवताची (‘ध’ची) जागा कानाची परीक्षा घेतात. ताल म्हणून 16 मात्रांचा तीनताल. गाताना हातावर टाळी 1, 5, 13 ला आणि ‘खाली’ (टाळी न देता हात नुसता फिरवणे) 9 ला स्वतः धरावी. तबल्याच्या ॲपवर विसंबले की सम (तालाची पहिली मात्रा) चुकते.

तालमीची रीत : पूर्वी हे सगळे गुरूसमोर बसून, ऐकून शिकत. कुरुंदवाडचे गायक विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे असेच शिकले. पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि वर्गात, स्वरलिपीच्या आधारे शिकवण्याची पद्धत रुजवली. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा त्याच परंपरेतल्या. परीक्षेने अभ्यासाला शिस्त लागते; मात्र तिच्यासाठी राग पाठ करणाऱ्यांचा षड्ज कच्चा राहिल्याचेही वर्गावर्गांत दिसते. स्वतःचा आवाज हाडांतूनही ऐकू येत असल्याने गाणाऱ्याला तो असतो त्यापेक्षा भरदार वाटतो. गुरू समोर नसतील तेव्हा रेकॉर्डिंग करून ऐकावे.

वेळ आणि काळजी : नवशिक्याने 20 मिनिटांच्या दोन बैठका कराव्यात, सलग दोन तास नव्हेत. आवाज फुटायच्या वयात मुलांचा गळा सुमारे एक सप्तक खाली येतो. त्या काळात गाणे बंद करायचे कारण नाही. पट्टी उतरवून मधल्या पाच-सहा स्वरांत गावे आणि दर काही महिन्यांनी पट्टी पुन्हा तपासावी. पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे. गाण्याआधी एकदम प्यायलेले पाणी स्वरतंतूंपर्यंत थेट पोचत नाही. रात्री उशिराचे तिखट जेवण आणि आम्लपित्त यांनी सकाळी आवाज बसतो. घसा बसला असताना कुजबुजून बोलणे हा आराम नसतो. त्यानेही ताण पडू शकतो, तेव्हा गप्प बसावे. घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर काढे करत न बसता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू तपासून घ्यावेत. सतत ओरडून गाणाऱ्यांच्या स्वरतंतूंवर गाठी येतात, आणि त्या लवकर कळल्या तर पुष्कळदा विश्रांतीने व बोलण्याची पद्धत बदलून बऱ्या होतात.