पँथर्सचं मिग आणि पांझरेचा बंधारा

धुळ्याहून नाशिककडे निघालं, की मालेगाव, चांदवड, पिंपळगाव मागे पडल्यावर ओझर येतं. ‘ओझर मिग’ म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना कळतं. इथल्याच एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कारखान्यात मिग-21 ही लढाऊ विमानं बांधली गेली. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला या विमानाला निरोप दिला गेला, तेव्हा त्याची जी अखेरची पथकं उरली होती, त्यांत 23 क्रमांकाची ‘पँथर्स’ स्क्वाड्रन होती.

स्क्वाड्रनची विमानं बदलत जातात, नाव आणि परंपरा टिकते. 1960 साली याच पँथर्सकडे नॅट हे छोटं लढाऊ जेट आलं. पंखांचा पसारा जेमतेम पावणेसात मीटर! असलं चिमुकलं विमान शत्रूला पटकन दिसतच नाही. 3 सप्टेंबर 1965 रोजी पँथर्सचे ट्रेव्हर कीलर यांना पाकिस्तानी सेबर हे लढाऊ जेट पाडल्याचं श्रेय मिळालं आणि वीरचक्रही.

पुढे नॅट गेलं, मिग आलं. मिगचं खरं कौतुक त्याच्या नाकात आहे. तोंडाशी टोकदार शंकू दिसतो ना, तो शोभेचा नाही. जेट इंजिनाच्या कॉम्प्रेसरला आवाजापेक्षा वेगाने आत घुसणारी हवा चालत नाही; तिचा वेग आधी उतरवावा लागतो. पावसाळ्यात पांझरा नदीवरच्या फडाच्या (पारंपरिक सामुदायिक सिंचनाच्या) बंधाऱ्याखाली बघा. पातळ, वेगवान पाणी घसरत येतं आणि एका रेषेवर एकदम उसळून जाड, संथ होतं. उसळी जितकी जोरदार, तितका फेस आणि तितकी शक्ती वाया. आवाजाहून वेगवान हवेचंही तसंच: एकाच दणक्यात थांबवली तर तिचा बराच दाब फुकट जातो. शंकूच्या टोकापासून तिरपी आघातलहर (शॉक वेव्ह, म्हणजे हवेतली तशीच उसळीची रेषा) निघते, ती वेग थोडा उतरवते; उरलेलं काम तोंडाशी दुसरी, सौम्य लहर करते. विमानाचा वेग वाढला की शंकू पुढे सरकतो, म्हणजे लहरी योग्य जागी राहतात. ध्वनीच्या दुप्पट वेग गाठायचा तर ही युक्ती फार मोलाची.

या वेगाची किंमत मात्र उतरताना मोजावी लागे. पातळ त्रिकोणी पंख कमी वेगात पुरेसं उचलून धरत नाहीत, म्हणून मिग ताशी 300 किलोमीटरहून जास्त वेगाने धावपट्टीवर यायचं. मंद प्रशिक्षण विमानांवरून थेट यावर बसणाऱ्या तरुण वैमानिकांसाठी ही उडी फार मोठी होती. मधली पायरी ठरणारं हॉक हे प्रशिक्षण जेट हवाई दलात 2008 मध्ये आलं. मिगचे अनेक अपघात झाले; पण त्याला ‘उडती शवपेटी’ म्हणून सगळा दोष विमानाच्या माथी मारणं मला पटत नाही. एकच इंजिन, लांबत गेलेली सेवा आणि अपुरं प्रशिक्षण, हे सगळं त्या अपघातांमागे होतं.

17 ऑक्टोबर 2025 ला ओझरहूनच तेथे बांधलेलं पहिलं तेजस मार्क-1ए हे भारतीय लढाऊ विमान उडालं. त्याला शंकू नाही. हवा आत घेणारी तोंडं दोन्ही बाजूंना आहेत आणि ती स्थिर आहेत, कारण ध्वनीच्या दुप्पट वेगाचा हट्ट धरलेला नाही. मिगचं रडार त्या शंकूत दाटीवाटीने बसवावं लागे. तेजसचं अख्खं नाक रडारसाठी मोकळं आहे.