कासवाचं पिल्लू थेट पाण्यात सोडू नका

‘किनाऱ्यावर कासवाचं पिल्लू दिसलं की उचलून थेट लाटेत सोडा, पुण्य लागेल,’ असा मेसेज अनेक वर्षं फिरतोय. भावना चांगलीच आहे, पण पिल्लाला वाळूवरून स्वतः चालू द्यायला हवं. त्या वाटचालीत ते समुद्राची दिशा पकडतं. मोठी झालेली मादी अंडी घालायला साधारण जन्माच्याच किनारपट्टीवर परतते, आणि ती ओळख याच सुरुवातीच्या प्रवासात पक्की होते, असं अभ्यासक मानतात.

खात्री करायची तर फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जा. तिथे टोपलीतली ऑलिव्ह रिडले या जातीच्या समुद्री कासवांची पिल्लं पाण्यापासून काही पावलं अलीकडे, वाळूवर ठेवतात. अर्ध्या तळहातावर मावेल एवढं पिल्लू थबकतं, मान उचलतं, पुन्हा चालू लागतं. आपण बाजूला उभं राहायचं आणि टॉर्च बंद ठेवायचा. उजेडाकडे ती भरकटतात.