कामगारांची पेन्शन आणि अपंगत्व लाभ (नाशिक)

सातपूर, अंबड आणि सिन्नरकडच्या माळेगाव-मुसळगाव औद्योगिक वसाहतींतल्या कामगाराला म्हातारपणी आणि अपघातानंतर आधार देणाऱ्या दोन मुख्य व्यवस्था आहेत : कर्मचारी निवृत्तिवेतन योजना (ईपीएस-९५) आणि कर्मचारी राज्य विमा (ईएसआय). पहिलीला कामगार ‘फंडाची पेन्शन’ म्हणतात.

ही पेन्शन १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. कामगाराचा स्वतःचा १२ टक्के हिस्सा पूर्णपणे भविष्य निर्वाह निधीत जातो. पेन्शनसाठी मालकाच्या हिश्शातून ८.३३ टक्के वळते होतात. १ सप्टेंबर २०१४ पासून त्यासाठी वेतनमर्यादा १५,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. वय ५८ आणि किमान १० वर्षे सेवा झाली की पेन्शन सुरू होते. शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरी वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागायचे. मर्यादा वाढल्यानंतर लागलेल्या, मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,००० असलेल्या कामगाराला ११ वर्षांच्या सेवेवर २,३५७ रुपये बसतात. या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला नाही, त्यामुळे आज बसलेला आकडा पुढे वाढत नाही. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे. इतक्या पैशांत औषधेही भागत नाहीत. ती ७,५०० करावी ही निवृत्तांची मागणी रास्तच आहे.

सर्वांत जास्त नुकसान ठेकेदाराकडच्या कामगाराचे होते. ठेकेदार बदलला की नवे खाते उघडते, जुने तसेच राहते किंवा अडचणीच्या वेळी फंडाबरोबर पेन्शनचे पैसेही काढले जातात, आणि १० वर्षे भरत नाहीत. नोकरी बदलताना पैसे न काढता जुनी सेवा नव्या खात्यात वर्ग करून घेणे किंवा योजना प्रमाणपत्र (जुन्या सेवेची नोंद राखणारा दाखला) घेणे म्हणूनच महत्त्वाचे.

नोकरीत असताना कायमचे पूर्ण अपंगत्व किंवा मृत्यू आला तर १० वर्षांची अट नाही; एका महिन्याची वर्गणीही पुरते. विधवेला पेन्शन मिळते, शिवाय एका वेळी दोन मुलांना प्रत्येकी तिच्या पेन्शनच्या २५ टक्के, वयाच्या २५ वर्षांपर्यंत.

महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ईएसआय लागू होतो. सातपूरला कामगार विमा रुग्णालय आहे. कामावर इजा झाल्यास पहिल्या दिवसापासून संरक्षण असते आणि तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के भरपाई मिळते. पॉवर प्रेसवर हात सापडून अंगठा गेला, तर कमाईक्षमतेचे ३० टक्के नुकसान धरतात. तेवढ्या प्रमाणात आयुष्यभर पैसे मिळतात आणि कामगार पुन्हा कामावर रुजू झाला तरी थांबत नाहीत. कामावरच्या अपघातात जीव गेल्यास कुटुंबाला आश्रित लाभ मिळतो. मात्र अपघाताची नोंद त्याच वेळी व्हायला हवी. ‘खासगी दवाखान्यात दाखवू, लिहायला नको’ असे कुणी म्हटले तर ऐकू नये.

सिन्नरच्या विडी कामगार बायकांनाही फंडाची पेन्शन आहे. तिथे अडचण बहुधा नावाची असते : फंडाच्या नोंदीत माहेरचे, आधारवर सासरचे, जन्मतारीख तिसरीच. ही दुरुस्ती ५८ पूर्ण होण्याआधी करून घ्यावी. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो वर्षात केव्हाही देता येतो आणि १२ महिने चालतो. पाने कातरून आणि विड्या वळून झिजलेली बोटे यंत्रावर उमटत नसतील, तर मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो देता येतो.