मसाई मारा सफारी : बुकिंगआधी एवढं वाचून घ्या

केनियाची चौकशी करायला येणाऱ्यांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. ‘नदी पार करणारे कळप नक्की दिसतील ना?’ आणि ‘आठवड्यात किती पार्क होतील?’ पहिल्याचं उत्तर असं की खात्री कुणालाच देता येत नाही, आम्हालाही नाही. दुसऱ्याचं उत्तर, होतील चार-पाच, पण करू नका. असं का म्हणतो, ते सांगायला हे पत्रक.

कळप कधी, कुठे

मसाई मारा हे केनियाच्या नैर्ऋत्य टोकाला, टांझानियाच्या हद्दीला लागून असलेलं सुमारे 1,510 चौरस किलोमीटरचं राखीव गवताळ रान. हद्दीपलीकडे तेच गवत सेरेंगेटी नावाने पुढे पसरतं, आणि सेरेंगेटी त्याच्या जवळजवळ दहापट मोठं आहे. दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट (शिंगांची, हरणांच्या कुळातली मोठी जनावरं) या दोन्हींमध्ये वर्षभर पावसाच्या आणि कोवळ्या गवताच्या मागे फिरत असतात. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत ते दक्षिण सेरेंगेटीत असतात, पिल्लं तिथेच होतात. मारात ते येतात साधारण जुलै ते ऑक्टोबर. सोबत झेब्रे असतात. उंच, राठ गवत झेब्रे खातात, खालचं विल्डबीस्ट खातात आणि उरलेले कोवळे कोंब थॉमसन गॅझेल नावाची छोटी हरणं टिपतात. म्हणून तिघं एकाच माळावर दिसतात.

आता मारा नदी. काठावर हजारो जनावरं गोळा होतात. पुढचं एखादं उतारावर चार पावलं येतं, पाणी हुंगतं, थबकतं. मागून रेटा वाढतो, धुळीत काही दिसेनासं होतं. तेवढ्यात एखादा झेब्रा बिचकून ओरडतो आणि अख्खा कळप माघारी माळावर जातो. तासाभराने पुन्हा तोच प्रकार. कधी तिसऱ्यांदा उडी पडते, कधी संध्याकाळपर्यंत पडतच नाही. गाडीत बसून चार-पाच तास थांबायची तयारी असेल आणि हाताशी दोन-तीन दिवस असतील, तर शक्यता चांगली. दुपारी पोचून दुसऱ्या सकाळी निघायचं असेल, तर तो नुसता जुगार.

मुक्काम वाढवा, पार्क कमी करा

नैरोबीहून नारोकमार्गे मारा गाठायला पाच-सहा तास लागतात. अंबोसेली या दुसऱ्या पार्कहून मारा म्हणजे दिवस रस्त्यावरच गेला. आठवड्यात चार पार्क लावले की अर्धी सहल धाब्यावर आणि पेट्रोल पंपावर होते, आणि जनावरं नेमकी जेव्हा हालचाल करतात त्या पहाटेला नि संध्याकाळी तुम्ही सामान बांधत किंवा सोडत असता. आमचा साधा बेत असा : मारात किमान तीन रात्री आणि जोडीला एकच ठिकाण. किलिमांजारोच्या पायथ्याचे हत्ती बघायचे तर अंबोसेली, गेंडा हवा तर नाकुरू.

थांबण्याचा फायदा कशात आहे ते चित्त्यापाशी कळतं. मादी वारुळावर चढून बसते, मान वळवून माळ न्याहाळते, पिल्लं शेपटीशी खेळतात. अर्धा तास काही घडत नाही. बाकीच्या गाड्या कंटाळून सिंहाकडे निघून जातात. मग ती उतरते, अंग जमिनीला लावून चालू लागते, आणि त्यानंतरचं सगळं मिनिटाच्या आत आटोपतं. (आपल्याकडे बरेच जण बिबट्यालाच चित्ता म्हणतात. डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असेल तो चित्ता. बिबट्या मारात बहुधा झाडावर किंवा ओढ्याकाठच्या झाडीत सापडतो.)

ताडोब्याची सवय असलेल्यांना एक बदल जाणवेल. तिथे आपण हरणा-वानरांचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, ऐकून वाघाचा माग काढतो, इथे नजर कित्येक मैल जाते आणि गाईड गिधाडांकडे, एकाच दिशेला टक लावून उभ्या हरणांकडे बघतो. वाघ आफ्रिकेत नाही, हेही सांगून ठेवतो, कारण विचारणारे भेटतात. पक्ष्यांची आवड असेल तर वेगळीच मजा. नान्नजच्या माळढोकाचा मोठा भाऊबंद कोरी बस्टर्ड इथे रस्त्याच्या कडेला चालताना दिसतो.

गाडी ठरलेल्या वाटेवरूनच न्यायची, जनावरापासून 25 मीटर अंतर ठेवायचं आणि एका जनावराभोवती पाचच गाड्या, असा राखीव रानाचा नियम आहे. तो सर्रास मोडतात, आमचे ड्रायव्हर मोडत नाहीत. ‘जरा आत घ्या ना, बक्षिशी देतो’ असं कृपया म्हणू नका. दंड होतो, आणि चित्त्याची शिकार हुकते ती वेगळीच.

कधी जावं

जुलै ते ऑक्टोबर कळपांसाठी, पण गर्दी आणि दर दोन्ही चढे. गेटची फीच 2024 पासून परदेशी पर्यटकाला जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर आहे. सिंह, चित्ते, हत्ती, जिराफ मारात बाराही महिने राहतात. म्हणून कळपांचा हट्ट नसेल तर आम्ही जानेवारी-फेब्रुवारी सुचवतो. एप्रिल-मे मात्र टाळा. माराची माती मराठवाड्यातल्या रेगडासारखी काळी नि चिकट आहे, मोठ्या पावसात जीपसुद्धा चाकं फिरवत जागच्या जागी बसते.

निघण्याची तयारी

पिवळ्या तापाची लस सगळ्यात आधी. केनियाहून परतताना भारतीय विमानतळावर तिचं कार्ड मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. एकदा घेतली की जन्मभर चालते. मलेरियाच्या गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः रक्तदाब-मधुमेहाची औषधं चालू असतील तर.

व्हिसाऐवजी 2024 पासून ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, काढतात, तो आम्ही काढून देतो.

प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर केनियात 2017 पासून बंदी आहे आणि संरक्षित रानांत 2020 पासून एकदाच वापरायच्या बाटल्याही चालत नाहीत. चकल्या-चिवडा डब्यात भरा, पिशव्या कापडी घ्या, पाण्याची स्टीलची बाटली प्रत्येकाने स्वतःची आणा. ड्रोन घरीच ठेवा.

आफ्रिका म्हणजे उकाडा, हा समज सोडा. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आहे. सकाळी सहाला उघड्या छताच्या गाडीत दात वाजतात. जाड जॅकेट, कानटोपी, धुळीसाठी रुमाल. नैरोबीहून छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान 15 किलो, तेही मऊ बॅगेत. कडक ट्रॉली बॅग घेत नाहीत.

प्लग चौकोनी तीन पिनांचा लागतो. दुर्बीण मात्र माणशी एक, नवरा-बायकोत एक नव्हे. दर सहलीत तिच्यावरून वाद होतात!

शाकाहारी लोकांचे हाल होत नाहीत. चपाती आणि समोसा तिथे रोजचे पदार्थ आहेत. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, कॅम्पवर पोचल्यावर नको.

आणि जे विचारायला लाजतात ते : रानात शौचालयं फार थोडी आहेत, निघण्याआधी जाऊन घ्या. कंबर-पाठीचा त्रास असेल तर रस्त्याऐवजी विमानाने जा. अंधार पडल्यावर तंबूबाहेर एकट्याने निघायचं नाही, बऱ्याच कॅम्पना कुंपण नसतं आणि पाणघोडे रात्री चरायला वर येतात. टॉर्च दाखवून पहारेकऱ्याला बोलवा, तो सोबत येतो.

आमच्या गाडीत सहाच प्रवासी असतात, म्हणजे प्रत्येकाला खिडकी मिळते. पासपोर्ट परतीनंतर किमान सहा महिने चालू हवा. जुलै-ऑगस्टसाठी कॅम्प लवकर भरतात, तेव्हा दिवाळीत ठरवून जानेवारीपर्यंत पासपोर्टची प्रत आणि आगाऊ रक्कम ऑफिसात पोचती करा.